मातीचे मावळे : थोड्या रंगांत, थोड्या वेळांत



दिवाळीच्या सुटींत अंगणांत किल्ला करण्याचा खेळ आपल्या महाराष्ट्रांत फार आवडीचा आहे. दगड, विटा, चिखल आणि जुनीं पोतीं यांचा डोंगर रचावयाचा, त्यावर तट व बुरूज उठवावयाचे, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ आणावयाची आणि शेवटीं ठिकठिकाणीं मावळे मांडावयाचे, असा त्याचा क्रम असतो. पुणें, सातारा, कोल्हापूर या बाजूस हा प्रघात विशेष दिसतो. तथापि ज्या जिल्ह्यांतील सिंदखेड राजा येथें लखुजी जाधवांच्या घरीं इ. स. १५९८ मध्यें जिजाबाईंचा जन्म झाला, त्या आपल्या बुलढाणा जिल्ह्यांतील मुलांस हा खेळ परका वाटण्याचें कांहींच कारण नाहीं. पोळ्याला मातीचे बैल करणारा हात मावळाही सहज करूं शकतो.

परंतु पुष्कळ किल्ल्यांवर एक उणीव दिसून येते. किल्ला पुरा होतो, सैन्य मात्र अपुरें राहतें. मुलगा पहिला मावळा हातीं घेतो. त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या, कपाळाचें गंध, अंगरख्याचे बंद रेखण्यांत संध्याकाळ घालवितो. दुसऱ्या मावळ्यास तितका वेळ मिळत नाहीं, चवथ्याला रंगाचा नुसता एक हात मिळतो, आणि उरलेले दहाबारा जण कोरडे तसेच तटाच्या मागें दडपले जातात. असें होऊं नये व लहानथोर सर्व सैनिकांस सारखी काळजी मिळावी, यासाठीं थोड्या रंगांची एक सोपी रीत येथें सांगण्याचा विचार आहे.

प्रथम एक तत्त्व ध्यानीं घ्यावें. मावळा ही दुरून पाहण्याची वस्तु आहे. तो चार बोटें उंच असतो आणि पाहणारा मनुष्य दोनतीन हातांवर उभा असतो. इतक्या अंतरावरून त्याची बाहुली कोणास दिसणार? दिसतें तें एवढेंच : मुंडाशाचा रंग, अंगरख्याचा रंग, त्या दोहोंमधील तोंडाचा सांवळा ठिपका, कमरेचा पट्टा आणि हातांतील शस्त्राची रेघ. या पांच गोष्टी एकमेकींपासून स्पष्ट वेगळ्या दिसल्या कीं मावळा उभा राहिला. डोळे मुळींच काढूं नयेत. मुंडाशाच्या कडेखालीं काळसर रेघ ओढली कीं तेथें छाया पडून डोळे असल्याचा भास होतो, आणि ओठांवर मिशीचा एक फटकारा दिला कीं चेहरा पुरा होतो.

आतां मातीविषयीं. आपल्याकडील काळी जमीन कपाशीला उत्तम, पण मूर्तीला अवघड. ती पाणी प्याली कीं फुगते आणि वाळली कीं आकसून भेगाळते. म्हणून ती वाळवून, कुटून, कपड्यानें चाळून घ्यावी व तींत थोडी बारीक वाळू आणि पिंजलेल्या कापसाचे तंतु मळावेत. वाळूनें माती कमी आकसते आणि कापसानें ती धरून राहते. मूर्तिकारही मातींत कापूस मिसळीत आले आहेत. तयार मावळे उन्हांत न ठेवतां सावलींत तीनचार दिवस वाळूं द्यावेत. कारण आश्विनांतील उन्हानें वरचा थर आधीं सुकतो, आंतला ओला राहतो आणि मान किंवा मनगट तडकतें. तलवारीसाठीं केरसुणीची काडी ओल्या मातींतच खोंचून ठेवावी. बाजारांतील प्लास्टरचे कोरे मावळे मिळाले तर तेही चालतात; पुढील रीत दोहोंस सारखीच लागू आहे.

रंग पांच पुरतात. पांढऱ्यासाठीं खडूची भुकटी, तांबड्यासाठीं गेरू, पिवळ्यासाठीं पिवळी माती, काळ्यासाठीं दिव्याची काजळी आणि निळ्यासाठीं निळीची पूड. यांतील गेरू व पिवळी माती हीं दोन्हीं लोखंडाच्याच गंजाचीं रूपें आहेत. पिवळ्या मातींत पाण्याचा अंश बांधलेला असतो. ती तव्यावर चांगली तापविली तर तो अंश निघून जाऊन ती तांबडी होते. घरांतील वडील माणसाच्या देखरेखीखालीं हा प्रयोग अवश्य करून पाहावा. पूड मातीवर चिकटून राहावी म्हणून बाभळीचा डिंक रात्रभर पाण्यांत भिजवून तें पाणी रंगांत घालावें. डिंक कमी पडला तर सुकलेला रंग बोटाला लागतो. जास्त झाला तर त्याचे पोपडे उडतात. एका खापरीवर आधीं लावून, सुकल्यावर बोट फिरवून पाहिलें कीं प्रमाण कळतें. ज्यांस दुकानांतील पोस्टर कलर मिळतील त्यांनीं ते खुशाल घ्यावेत.

आतां मुख्य रीत. सर्व मावळे एका फळीवर ओळीनें उभे करावेत. एक मावळा पुरा करून दुसरा घ्यावयाचा नाहीं. एक रंग सर्व मावळ्यांना लावून मग दुसरा रंग हातीं घ्यावयाचा. यांत दोन लाभ आहेत. कुंचला वारंवार धुवावा लागत नाहीं, आणि शेवटच्या मावळ्यास रंग लागेपर्यंत पहिला सुकलेला असतो. समजा, २४ मावळे आहेत व दर मावळ्यास दर रंगाला दीड मिनिट लागतें. तर एका रंगास ३६ मिनिटें आणि पांच हातांस ३ तास होतात. दोन संध्याकाळींत सारें सैन्य सज्ज होतें.

पहिला हात पांढरा, आणि तो डोक्यापासून पायांपर्यंत सर्वांगास द्यावा. काळ्या मातीवर थेट तांबडा लावला तर तो मळकट तपकिरी दिसतो. कारण पातळ रंगाच्या थरांतून खालची काळिमा डोकावते. पांढऱ्यावर तोच तांबडा उजळ दिसतो. शिवाय या रीतींतील खरी बचत येथेंच आहे : हाच पांढरा हात मावळ्याचा अंगरखा होतो. त्याला पुन्हां रंग देण्याची गरज उरत नाहीं.

दुसरा हात कातडीचा. गेरू, पिवळी माती आणि खडू मिसळून गव्हाळ किंवा सांवळी छटा करावी व तोंड, हात आणि पोटऱ्या रंगवाव्या. तिसरा हात मुंडाशाचा, गेरूनें. चवथा हात कमरेच्या शेल्याचा, पिवळा किंवा निळा. पांचवा हात काळा : मिशी, मुंडाशाखालची रेघ, ढाल आणि वहाणा. काळ्यांत थोडा खडू मिसळला कीं तलवारीचा पोलादी रंग होतो. ढालीवर पिवळ्याचे चार ठिपके द्यावेत. आपल्याकडील जुन्या ढालींवर चार फुल्या असत, त्यांची खूण त्यानें होते. कोठें रंग ओघळला तर सुकूं द्यावा आणि त्यावर पांढरा ठिपका देऊन झांकावा.

सर्व मावळे अगदीं एकसारखे करावे काय? नाहीं. शिवाजी महाराजांच्या सैन्यांत आजच्या पलटणींसारखा एकरंगी गणवेष नव्हता. कोणाचें मुंडासें तांबडें, कोणाचें पांढरें, कोणाचा शेला जुना, कोणाचा नवा, असेंच तें सैन्य दिसत असणार. म्हणून आठांचें मुंडासें तांबडें, आठांचें पिवळें व आठांचें पांढरेंच ठेवलें, तर श्रमही वांचतात आणि चित्रही अधिक खरें होतें. त्या काळच्या पायदळांत नऊदहा पाइकांवर एक नाईक व पांच नाइकांवर एक हवालदार अशी व्यवस्था असे. तेव्हां दर दहांतील एकास निळा शेला देऊन नाईक करावें. म्हणजे पाहणाऱ्यास सैन्याची रचनाही समजेल.

घोडेस्वारांचें कामही असेंच सोपें करतां येतें, कारण आपल्या भाषेंत घोड्यांच्या रंगांचीं नांवें तयारच आहेत. सर्व घोडा गेरू-काजळीच्या मिश्रणानें तांबूस करून आयाळ व शेपूट काळी केली कीं कुमाईत झाला. त्याच्या चार पायांवर व तोंडावर पांढऱ्याचे पांच ठिपके दिले कीं तो पंचकल्याणी झाला. पांढऱ्या हातावर दोनचार मोठे काळे डाग टाकले कीं अबलख झाला. ज्यास सरकारांतून घोडा मिळे तो बारगीर, आणि जो स्वतःचा घोडा व हत्यार आणी तो शिलेदार. तेव्हां शिलेदाराच्या घोड्यावर पिवळ्या झुलीचा एक पट्टा अधिक द्यावा.

वेळ उरला तर दोन युक्त्या कराव्या. पहिली छायेची : काजळी व गेरू पुष्कळ पाण्यांत कालवून तें गढूळ पाणी अंगरख्याच्या चुण्यांत कुंचल्याच्या टोंकानें सोडावें. पाणी आपोआप खळग्यांत उतरतें व रंग तेथेंच ठेवून सुकतें, त्यामुळें चुण्या उठून दिसतात. मात्र डिंकाचा रंग पाण्यानें पुन्हां विरघळतो. म्हणून कुंचला घासूं नये, एकदां टेंकवून उचलावा. दुसरी उजेडाची : कुंचला पांढऱ्यांत बुडवून कापडावर जवळजवळ कोरडा होईपर्यंत पुसावा आणि मुंडाशाच्या पिळांवरून हलकेंच फिरवावा. उंचवट्यांनाच रंग लागतो व पीळ मोजतां येतात. आणखी एक गोष्ट. किल्ला रात्रीं पणतीच्या उजेडांत पाहतात, आणि त्या पिवळट उजेडांत निळा रंग काळा भासतो. म्हणून बुरुजावरचे पहारेकरी पांढरे-पिवळे असावेत, निळे शेले दिवसां दिसतील अशा जागीं.

हा छंद केवळ आपलाच नाहीं. जर्मनींतील न्यूरेंबर्ग शहरीं अठराव्या शतकांत कथलाचे चपटे सैनिक होऊं लागले. लंडनच्या ब्रिटन कंपनीनें इ. स. १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक ओतले, आणि ते घरोघर लोकांकडून रंगवून घेतले जात. एच. जी. वेल्स या प्रसिद्ध ग्रंथकारानें तर अशा सैनिकांच्या लढायांचे नियम सांगणारें 'लिट्ल वॉर्स' हें पुस्तक इ. स. १९१३ मध्यें लिहिलें. परंतु शिसें हें विष आहे; तें लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीस अपाय करतें, हें जसजसें कळत गेलें तसतसें तें खेळण्यांतून हद्दपार झालें, आणि ब्रिटन कंपनीनेंही इ. स. १९६६ मध्यें शिशाचे सैनिक करणें सोडलें.

या इतिहासांतील धडा आपल्या किल्ल्यालाही लागू आहे. शेंदूर घरांत सहज सांपडतो व त्याचा रंग मुंडाशाला फार शोभेल असें वाटतें. परंतु खरा शेंदूर शिशापासूनच होतो, आणि हिंगूळ पाऱ्यापासून. हे दोन्हीं मावळ्यांस कदापि लावूं नयेत. आपल्या सरकारनें इ. स. २०१६ मध्यें नियम करून घरगुती रंगांतील शिशाची मर्यादा दहा लक्ष भागांत ९० भाग इतकी ठरविली व ती इ. स. २०१७ पासून लागू झाली. तथापि घरांत पडून असलेल्या जुन्या तैलरंगाच्या डब्यास हा नियम माहीत नसतो! तो डबा उघडूंच नये. तसेंच कुंचल्याला टोंक आणण्यासाठीं तो ओठांत धरण्याची संवय पुष्कळांस असते, ती आजपासून सोडावी. ओल्या कापडावर कुंचला फिरवला तरी तेंच टोंक येतें. काम संपल्यावर साबणानें हात धुवावेत आणि मगच फराळाच्या ताटावर बसावें.

पालकांसही एक विनंति आहे. बाजारांतून रंगविलेलें तयार सैन्य आणून देणें सोपें खरें. परंतु त्यांत मुलाचें कांहीं नसतें. त्यापेक्षां त्यास एक फळी, तीन कुंचले, पांच वाट्या आणि दोन संध्याकाळी द्या. ज्या घरीं दुकानचा रंग परवडत नाहीं, त्या घरींही गेरू, खडू व काजळी मिळते. आणि दोन हातांवरून पाहिलें असतां त्या सैन्यांत व विकतच्या सैन्यांत फरक दिसला, तर तो बहुधा घरच्या सैन्याच्या बाजूचा असतो. हीच रीत नाताळांत गव्हाणीच्या देखाव्यासाठीं मेंढपाळ व उंट रंगवितांना, किंवा गणपतीपुढील आरास करतांनाही उपयोगी पडेल.

असो. मित्रहो, एका मावळ्यावर सारी कला खर्च करून बाकीच्यांस अंधारांत उभें करणारा सेनापति चांगला नव्हे. गड राखला तो नांव माहीत नसलेल्या पाइकांनीं. तेव्हां येत्या दिवाळींत तटाच्या मागचा शेवटचा मावळाही पांच रंगांनीं सजून उभा असूं द्या. त्याच्याकडे कोणी पाहो वा न पाहो; किल्ला ज्यानें केला त्यास तो तेथें आहे हें ठाऊक असेल.