विश्लेषण : मेडिकल कोडिंग आणि फार्मसी टेक्निशियन… कोणते प्रमाणपत्र कुठे चालते?

‘सहा महिन्यांचा कोर्स करा, आरोग्य क्षेत्रात नोकरी मिळवा’ अशा जाहिरातींत मेडिकल कोडिंग आणि फार्मसी टेक्निशियन ही दोन नावे बऱ्याचदा शेजारी-शेजारी दिसतात. दोन्ही व्यवसायांचे आजचे रूप अमेरिकेत घडले. तिथे कम्युनिटी कॉलेजांत त्यांचे रीतसर अभ्यासक्रम चालतात आणि त्यांसाठी डॉक्टर किंवा फार्मासिस्ट होण्याइतकी वर्षे घालवावी लागत नाहीत. पण भारतात या दोन प्रमाणपत्रांची किंमत सारखी नाही. एक प्रमाणपत्र पुण्यात बसूनही उपयोगी पडते, तर दुसऱ्याच्या बळावर इथे औषधाची एक गोळीही चिठ्ठीवर देता येत नाही.

मेडिकल कोडिंग म्हणजे काय?

अमेरिकेत रुग्णाचे बिल विमा कंपनीकडे जाते ते कोडच्या रूपात. आजारासाठी ‘आयसीडी-१०-सीएम’ आणि डॉक्टरांनी केलेल्या तपासणी-उपचारांसाठी ‘सीपीटी’ ही संकेतावली वापरतात. आयसीडी-१०-सीएम तिथे १ ऑक्टोबर २०१५ पासून लागू झाली. आधीच्या संकेतावलीत आजारांचे सुमारे १४ हजार कोड होते, आता ते ७० हजारांच्या घरात आहेत. डॉक्टरांच्या नोंदी वाचून नेमका कोड निवडणे हे कोडरचे काम.

टाईप २ मधुमेहाचे उदाहरण घेऊ. कोणतीही गुंतागुंत नसेल तर कोड ई११.९. पण मधुमेहामुळे मूत्रपिंडाचा जुनाट आजार झाला आहे आणि तो ‘३ए’ टप्प्यावर आहे, असे डॉक्टरांनी लिहिले असेल तर ई११.२२ आणि सोबत एन१८.३१ असे दोन कोड लागतात. इथे नुसता ई११.९ टाकला तर कागदोपत्री रुग्ण आहे त्यापेक्षा बरा दिसतो आणि केलेल्या तपासण्यांचे पैसे अडू शकतात. उलट, डॉक्टरांनी न लिहिलेली गुंतागुंत कोडरने अंदाजाने जोडली तर ते जास्तीचे बिल ठरते. सरकारी विमा योजनांत असे जाणूनबुजून केल्यास ‘फॉल्स क्लेम्स अ‍ॅक्ट’खाली कारवाई होऊ शकते. म्हणून शंका आली की डॉक्टरांना विचारायचे, स्वतः ठरवायचे नाही, हा प्रशिक्षणातला पहिला धडा असतो.

त्याचे प्रशिक्षण कसे असते?

अमेरिकी कॉलेजांत साधारण वर्षभराचे प्रमाणपत्र किंवा दोन वर्षांची असोसिएट पदवी असते. शरीररचना, शरीरक्रिया, वैद्यकीय परिभाषा, आजारांची प्रक्रिया आणि औषधांची ओळख हे विषय आधी येतात. कोडची पुस्तके त्यानंतर उघडतात. पाया कच्चा असेल तर पुस्तक हातात असूनही कोड सापडत नाही.

कायद्याने परवाना लागत नाही, पण कंपन्या ‘एएपीसी’ या संस्थेचे ‘सीपीसी’ किंवा ‘अहिमा’चे ‘सीसीएस’ प्रमाणपत्र मागतात. सीपीसी परीक्षेत चार तासांत १०० बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात. कोडची पुस्तके जवळ ठेवता येतात आणि उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के लागतात. मात्र पुरेसा अनुभव नसलेल्यांच्या प्रमाणपत्रावर ‘ए’, म्हणजे अ‍ॅप्रेंटिस, हे अक्षर राहते. फ्रेशरला पहिली नोकरी मिळवताना हेच अक्षर आड येते.

ही परीक्षा भारतातून देता येते. अमेरिकी रुग्णालयांचे कोडिंग चेन्नई, हैदराबाद, बंगळूरु, पुणे, नवी मुंबई इथल्या कंपन्यांत होते. जीवशास्त्र, फार्मसी, नर्सिंग, फिजिओथेरपी, आयुर्वेद किंवा होमिओपॅथीचे पदवीधर तिथे काम करताना दिसतात.

फार्मसी टेक्निशियन काय करतो?

अमेरिकेत फार्मासिस्ट होण्यासाठी ‘फार्म-डी’ ही डॉक्टरेट पातळीची पदवी लागते. त्याच्या हाताखाली टेक्निशियन चिठ्ठीची नोंद करतो, गोळ्या मोजतो, लेबल लावतो, साठा आणि विम्याचे काम पाहतो. अंतिम तपासणी आणि रुग्णाला सल्ला देणे फार्मासिस्टकडेच राहते. टेक्निशियनचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत. अनेक ठिकाणी ‘पीटीसीबी’ची परीक्षा ग्राह्य धरतात. तीत ९० प्रश्न असतात, त्यांपैकी ८० गुणांसाठी मोजले जातात. त्याआधी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम किंवा ५०० तासांचा कामाचा अनुभव लागतो.

अभ्यासात औषधांची नावे, कायदा, रुग्णसुरक्षा आणि हिशेब येतात. उदाहरणार्थ, ५ मिलीलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम असलेल्या पातळ औषधातून ४०० मिलिग्रॅम द्यायचे तर ८ मिलीलिटर मोजावे लागते. गणित सोपे आहे. पण मिलिग्रॅमच्या जागी मायक्रोग्रॅम वाचले तर मात्रा हजार पटींनी चुकते.

भारतात हे प्रमाणपत्र चालते का?

नाही. भारतात १९४८ चा फार्मसी कायदा लागू आहे. त्याच्या कलम ४२ नुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध तयार करण्याचा किंवा देण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत फार्मासिस्टला आहे. डॉक्टरांनी स्वतःच्या रुग्णांना औषध देणे एवढा त्याला अपवाद. नोंदणीसाठी किमान डी.फार्म. लागते. बारावी विज्ञाननंतर दोन वर्षे आणि त्यापुढे ५०० तासांचे प्रात्यक्षिक प्रशिक्षण असे तिचे स्वरूप असते. २०२२ च्या नियमांनी डी.फार्म.नंतरच्या एक्झिट परीक्षेची तरतूदही केली. महाराष्ट्रात नोंदणी राज्य फार्मसी कौन्सिलकडे होते.

‘फार्मसी असिस्टंट’चे अल्पमुदतीचे कोर्स भारतातही आहेत. त्यांच्या आधारे दुकानात किंवा रुग्णालयाच्या भांडारात मदतनीस म्हणून काम मिळू शकते. पण त्यातून नोंदणी होत नाही आणि नोंदणीकृत फार्मासिस्ट न ठेवता मेडिकल दुकान चालवता येत नाही. पीटीसीबीची परीक्षा तर अमेरिकेत राहणाऱ्यांसाठीच आहे. त्यामुळे तिथे स्थायिक झालेल्यांना तिचा उपयोग आहे, इथून फी भरणाऱ्याला नाही.

फी भरण्यापूर्वी काय तपासावे?

कोडिंगच्या वर्गाला तीन प्रश्न विचारावेत. शेवटी मिळणारे प्रमाणपत्र वर्गाचे स्वतःचे की एएपीसी किंवा अहिमाचे? परीक्षेची फी आणि सदस्यत्व त्यात धरले आहे का? पुस्तके चालू वर्षाची आहेत का? हा तिसरा प्रश्न किरकोळ नाही. आयसीडीचे कोड दरवर्षी १ ऑक्टोबरला आणि सीपीटीचे १ जानेवारीला बदलतात, त्यामुळे जुन्या पुस्तकांवरचा अभ्यास परीक्षेत दगा देतो.

फार्मसीच्या बाबतीत एकच प्रश्न पुरेसा आहे : हा कोर्स केल्यावर राज्य कौन्सिलकडे फार्मासिस्ट म्हणून नोंदणी होते का? होते असे सांगितले, तर कॉलेजचे नाव फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या मान्यता यादीत स्वतः पाहावे. होत नसेल, तर तो मदतनिसाचा कोर्स आहे हे समजून मगच फी भरायची की नाही ते ठरवावे.