संकेतस्थळे वाचण्याची एक निवांत रीत : फीड रीडर



नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून आपण पदवीचा अभ्यास करीत आहात. दिवसाकाठी वाचनासाठी मिळणारा वेळ बहुधा रात्रीचा तासभर, नाहीतर पहाटेचा. त्या तासात मोबाइलवर एखादा लेख शोधायला जावे आणि अर्धा वेळ भलत्याच चित्रफिती पाहण्यात निघून जावा, हा अनुभव आपणांस नवा नसेल. यात दोष केवळ आपल्या मनोनिग्रहाचा नाही. समाजमाध्यमावर पुढे काय दिसावे हे वाचक ठरवीत नाही, ते माध्यम ठरविते. शिवाय समोरची यादी कधी संपतच नाही. प्रस्तुत लेखात आपण याहून जुनी आणि साधी अशी एक व्यवस्था समजून घेणार आहोत.

फीड म्हणजे काय?

नियतकालिकाची वर्गणी भरली की अंक टपालाने घरी येतो. अंक निघाला का, हे पाहण्यासाठी आपण रोज संपादकाच्या कचेरीत खेपा घालीत नाही. फीडची कल्पना साधारण अशीच आहे. संकेतस्थळ आपल्या सर्व्हरवर एक छोटी फाइल ठेवते. एक्सएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेल्या या फाइलीत अलीकडच्या प्रत्येक लेखाची नोंद असते : शीर्षक, दुवा, प्रसिद्धीची तारीख आणि सारांश किंवा संपूर्ण मजकूर. ही फाइल वाचून दाखविणारे साधन म्हणजे फीड रीडर. आपण निवडलेल्या संकेतस्थळांकडे तो ठरावीक अंतराने विचारणा करतो आणि नव्या नोंदी एका यादीत मांडतो. मधल्या काळात काही बदलले नसेल, तर सर्व्हर '३०४' हा सांकेतिक क्रमांक कळवून मोकळा होऊ शकतो. फाइल पुन्हा पाठवावी लागत नाही. त्यामुळे डेटाचा खर्च फारसा होत नाही.

वर्गणीची उपमा एका ठिकाणी मात्र अपुरी पडते, आणि तीच या व्यवस्थेची खरी जमेची बाजू आहे. वर्गणीदाराचे नाव-पत्ता प्रकाशकाच्या वहीत असतो. फीडसाठी आपले नाव, ईमेल वा दूरध्वनी क्रमांक संकेतस्थळाला द्यावा लागत नाही. यादी आपल्याकडे असते. एखादे नाव त्यातून खोडले की संबंध संपला.

ही पद्धत नेटस्केप या कंपनीत मार्च १९९९ मध्ये आकारास आली. रामनाथन गुहा आणि डॅन लिबी यांचा तीत प्रमुख वाटा होता. आरएसएस हे तिचे नाव. या आद्याक्षरांचा विस्तार मात्र पुढे बदलत गेला आणि आज 'रिअली सिंपल सिंडिकेशन' हा रूढ आहे. ॲटम नावाचे दुसरे प्रमाणरूप २००५ मध्ये मान्य झाले. वाचकाने या भेदाची चिंता करण्याचे कारण नाही, कारण फीड रीडर दोन्ही रूपे वाचतात. आपण पॉडकास्ट ऐकत असाल, तर बहुधा नकळत आरएसएसच वापरीत आहात.

२००५ मध्ये सुरू झालेला गूगल रीडर हे या क्षेत्रातील सर्वांत परिचित साधन होते. १ जुलै २०१३ रोजी गूगलने ते बंद केले. तेव्हा फीडचे युग संपले, असे अनेकांना वाटले. प्रत्यक्षात बंद पडले ते एक वाचनालय. नियतकालिके निघतच होती. लोकांनी आपापल्या याद्या फाइलीच्या रूपात उतरवून घेतल्या आणि दुसऱ्या रीडरमध्ये भरल्या. या फाइलीला ओपीएमएल म्हणतात. कोणतेही साधन निवडताना त्यात ही सोय आहे ना, हे आपण अवश्य पाहावे.

न वाचलेल्यांचा आकडा

इथवर वाचून आपणांस वाटेल की फीड रीडर घेतला की वाचन आपोआप निवांत होईल. तसे होत नाही. पुष्कळ फीड रीडरांची रचना ईमेलसारखी असते : डावीकडे याद्या, प्रत्येकीसमोर न वाचलेल्या नोंदींचा आकडा. पत्राला उत्तर द्यायचे असते, म्हणून ईमेलमध्ये तो आकडा समजण्यासारखा आहे. लेखाचे तसे नाही. कोणीतरी काही लिहिले म्हणून ते वाचण्याचे ऋण आपल्यावर चढत नाही. प्रस्तुत लेखकाने आरंभी उत्साहाच्या भरात इतकी संकेतस्थळे जोडली की आठवडाभरातच तो आकडा थकलेल्या हप्त्यांसारखा भेडसावू लागला, आणि रीडर उघडणेच बंद झाले.

आरएसएसच्या विकासात मोठा वाटा असलेल्या डेव्ह वायनर यांनी फार पूर्वीच याला पर्याय सुचविला होता. नोंदी नदीसारख्या वाहू द्याव्यात. आपण काठावर यावे, दिसेल ते पाहावे. वाहून गेले ते गेले. मोजक्याच सोयी असलेले रीडर या विचाराला अधिक जवळचे असतात. त्यांत शिफारशी नसतात, पसंतीची बटणे नसतात, यादी केवळ तारखेनुसार लागते आणि मुख्य म्हणजे ती संपते. ॲपलच्या उपकरणांवर नेटन्यूजवायर आणि अँड्रॉइडवर फीडर ही अशी साधी, विनामूल्य साधने आहेत. ती घेतल्यावर सूचनांची घंटी आणि, सोय असल्यास, तो आकडाही बंद करावा.

संकेतस्थळे किती जोडावीत? आमच्या मते सुरुवातीस दहांहून अधिक नकोत. दिवसाला पन्नास बातम्या देणारे वृत्तपत्र जोडले की महिन्यातून एकदा लिहिणारा चांगला समीक्षक त्याखाली दडपून जातो. बातम्यांसाठी वृत्तपत्र स्वतंत्रपणे उघडावे. फीड रीडर क्वचित लिहिणाऱ्यांसाठी राखावा.

फीड शोधताना थोडी अडचण येते. पूर्वी ब्राउझरच फीडची खूण दाखवीत. फायरफॉक्सने ती सोय डिसेंबर २०१८ मध्ये काढून टाकली. तथापि बहुतेक वेळा संकेतस्थळाचा पत्ता रीडरमध्ये भरला की तो फीड स्वतःच शोधतो. वर्डप्रेसवर चालणाऱ्या संकेतस्थळांच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत 'फीड' लिहिले, तरी सहसा काम होते. यूट्यूबच्या वाहिन्यांनाही फीड असते. मराठी विकिपीडियावर प्रत्येक लेखाच्या इतिहासाचे ॲटम फीड मिळते. आपल्या अभ्यासातील एखाद्या लेखकावरील नोंदीत कोणी काय भर घातली, हे त्यावरून कळते. काही संकेतस्थळे फीडमध्ये केवळ पहिला परिच्छेद देतात, तर फेसबुक आणि इन्स्टाग्राम फीड देतच नाहीत. तेथे हा मार्ग खुंटतो.

उपक्रम : आपल्या अभ्यासविषयाशी संबंधित पाच संकेतस्थळे निवडा व ती फीड रीडरमध्ये जोडा. पंधरा दिवस दररोज एकाच ठरावीक वेळी, फक्त वीस मिनिटे यादी पाहा. कोणते लेख पूर्ण वाचले आणि कोणते न वाचता सोडले, याची वहीत नोंद ठेवा. सोळाव्या दिवशी पाचांपैकी एक संकेतस्थळ वगळा आणि ते का वगळले, हे दहा ओळींत लिहा.