अॅझोलाचा हौद आणि डासांचा हिशेब

जळगाव-धुळ्याच्या खेड्यांत गोठ्यामागे प्लास्टिकचा कागद अंथरून केलेला वीतभर खोल हौद आता पाहायला मिळतो. त्यावर हिरवी गोधडी पसरल्यासारखे जे तरंगते, ते अॅझोला. पुष्कळजण त्याला शेवाळ म्हणतात. खरे तर ते नेचे आहे, पाण्यावर जगणारे. त्याच्या इवल्या पानांच्या पोकळीत अॅनाबीना नावाचे सूक्ष्म जीव राहतात आणि हवेतला नायट्रोजन पकडून वनस्पतीला देतात. म्हणून युरिया न घालताही हे वाढते. चीन आणि व्हिएतनाममधले शेतकरी शतकानुशतके ते भाताच्या खाचरांत सोडत आले. आपल्याकडे जनावरांचा चारा म्हणून ते रुजवण्यात कन्याकुमारीच्या विवेकानंद केंद्राच्या प्रकल्पाचा मोठा वाटा आहे.

मी काही शेतीतज्ज्ञ नव्हे. पण ‘डॉक्टर, दारात पाणी साठवून ठेवले तर डेंग्यू नाही का होणार?’ हा प्रश्न माझ्याच पदरात पडतो, आणि तो रास्त आहे.

आधी हौद कसा करतात ते पाहू. दोन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि २० सेंटिमीटर खोल जागा पुरते. कागदावर १० ते १५ किलो चाळलेली माती, दोन किलो शेणाचा काला आणि ३० ग्रॅम सुपर फॉस्फेट टाकून १० सेंटिमीटर पाणी भरायचे आणि अर्धा ते एक किलो अॅझोलाचे बियाणे सोडायचे. दहा-पंधरा दिवसांत पृष्ठभाग झाकतो आणि मग रोज अर्धा किलो काढता येते. दर पाच दिवसांनी किलोभर शेण आणि २० ग्रॅम सुपर फॉस्फेट, दर दहा दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदलणे, एवढी निगा लागते. फॉस्फरस कमी पडला किंवा ऊन जास्त झाले की पाने लालसर होतात. चारा देण्यापूर्वी तो स्वच्छ पाण्यात धुवावा, नाहीतर शेणाच्या वासाने जनावर तोंड लावत नाही.

आता डासांचे. मदुराईच्या कीटकशास्त्रज्ञांनी भातखाचरांत अॅझोला सोडून पाहिले होते. पाण्यावर दाट थर जमला की डासांच्या अळ्या कमी होतात. डासाच्या मादीला अंडी घालायला मोकळे पाणी सापडत नाही आणि अळीला श्वासासाठी वर येता येत नाही. इंग्रजीत या वनस्पतीला ‘डासांचे नेचे’ म्हणतात ते यामुळेच. मात्र गोम ‘दाट’ या शब्दात आहे. थर जमायला दहा-पंधरा दिवस लागतात, आणि आपल्या हवेत अंड्यापासून डास व्हायला सात ते दहा दिवस पुरतात. म्हणजे पहिली पिढी आरामात उडून जाते. रोजची काढणी एकाच कोपऱ्यातून केली तर तिथेही मोकळे पाणी तयार होतेच. म्हणून सुरुवातीपासून गप्पी मासे सोडावेत आणि काढणी सगळीकडून थोडी थोडी करावी. शेण मापात घालावे, जास्त झाले तर मासे मरतात. रॉकेल, जळके ऑइल किंवा कीटकनाशक या हौदात कधीही ओतू नये. ते जनावराच्या पोटात जाईल.

माझ्या मते खरा धोका चालू हौदाचा नसून सोडून दिलेल्या हौदाचा आहे. अॅझोलाला २० ते ३० अंश तापमान मानवते. आखाजीच्या सुमारास आपल्याकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो तेव्हा सावलीची जाळी नसेल तर ते तपकिरी होऊन कुजते. मग माणूस कंटाळतो, कागद तसाच पडून राहतो, आणि जूनच्या पहिल्या पावसात त्याच्या घड्यांत स्वच्छ पाणी साठते. डेंग्यूच्या एडिस डासाला नेमके तेच हवे. त्याची अंडी काठाला चिकटून कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. म्हणून कागद घासून, वाळवून, घडी करून छपराखाली ठेवावा. पाण्याची पाळी चार-सहा दिवसांनी येते अशा वस्त्यांत घराघरांत ड्रम आणि रांजण भरलेले असतात; त्यांत आणखी एका भांड्याची भर नको. आणि घरात रांगते मूल असेल तर हौदाला कुंपण हवेच. वीतभर पाणीही बाळाला बुडवू शकते.

अॅझोला माणसांनी खावे का, हेही हल्ली विचारतात. मी तरी नको म्हणेन. वाळवलेल्या अॅझोलात २० ते ३० टक्के प्रथिने असतात हे खरे, पण ताज्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच असते. किलोभर ताज्या अॅझोलातून फारतर १५-२० ग्रॅम प्रथिने मिळतात. सरकीच्या ढेपेत किलोमागे दोनशेच्या वर. म्हणजे जनावरालाही ते पूरकच, ढेपेच्या बदली नव्हे. शिवाय शेणाच्या पाण्यात वाढलेली आणि पाण्यातले जड धातू शोषून घेणारी ही वनस्पती आहे. बियाणेसुद्धा कारखान्याच्या नाल्यातून आणू नये, खात्रीच्या ठिकाणाहूनच घ्यावे.

हौद असो वा नसो, पावसाळ्यात घरात कुणाला ताप आला तर पॅरासिटामॉलशिवाय दुसरी गोळी मनाने देऊ नका. अॅस्पिरिन आणि आयबुप्रोफेनने डेंग्यूत रक्तस्राव वाढू शकतो. ताप उतरल्यावर पोट दुखणे, सतत उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा सुस्ती दिसली तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. बरेच रुग्ण ताप गेला म्हणून घरी थांबतात आणि नेमके तेच दोन दिवस घातक असतात.