वर्गणीवर चालणारी यंत्रे : छंदोपयोगी साधने आणि मालकीचा प्रश्न

गोषवारा :
छंदासाठी वा अध्यापनासाठी विकत घेतलेले यंत्र निर्मात्याच्या इंटरनेटवरील सॉफ्टवेअरवाचून चालत नसेल, तर ग्राहकाने नेमके काय विकत घेतले, असा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात अमेरिकेतील क्रिकट कंपनीच्या कर्तनयंत्रांच्या उदाहरणाद्वारे या प्रश्नाच्या तांत्रिक, आर्थिक व कायदेशीर बाजूंचे विवेचन केले असून महाविद्यालयीन यंत्रखरेदीच्या दृष्टीने काही निष्कर्ष मांडले आहेत.

बीजशब्द : छंदोपयोगी यंत्रे, वर्गणी, सॉफ्टवेअर परवाना, मालकी, दुरुस्तीचा हक्क.

१. प्रस्तावना

आपल्याकडे अनेक घरांत आजीचे शिवणयंत्र नात वापरताना दिसते. ते तयार करणारा कारखाना बंद पडला असला, तरी यंत्राचे काही अडत नाही. तेल घातले, पट्टा बदलला की ते चालते. यंत्र विकत घेणे म्हणजे ते हवे तसे आणि हवे तितके दिवस वापरण्याचा हक्क मिळवणे, ही आपली समजूत अशाच वस्तूंच्या सहवासात घडलेली आहे.

गेल्या दोन दशकांत छंदोपयोगी यंत्रांचा एक नवा वर्ग बाजारात आला. कागद व व्हिनाइल कापणारी यंत्रे, त्रिमितीय मुद्रक, लेसर कर्तक ही त्याची ठळक उदाहरणे होत. यांतील काही यंत्रे निर्मात्याच्या सॉफ्टवेअरशी अशी बांधलेली असतात की, खातेनोंदणी, इंटरनेट जोडणी आणि काही सोयींसाठी मासिक वर्गणी यांखेरीज त्यांचा पूर्ण उपयोग होत नाही. वस्तू ग्राहकाच्या टेबलावर असते. तिची किल्ली मात्र निर्मात्याकडे राहते.

२. यंत्राचे कार्य व सॉफ्टवेअरचे स्थान

कर्तनयंत्राची रचना तशी साधी असते. किंचित चिकट पृष्ठभागाच्या चटईवर कागद वा व्हिनाइल चिकटवला जातो. रूळ ती चटई पुढे-मागे सरकवतात आणि बारीक पाते डावी-उजवीकडे फिरते. या दोन हालचालींच्या मिलाफातून कोणतीही वक्ररेषा कापता येते. यंत्राला लागतात ते केवळ पात्याच्या मार्गाचे सहनिर्देशक आणि पाते केव्हा टेकवावे, केव्हा उचलावे याच्या सूचना.

गावोगावच्या रेडियमच्या दुकानांत वाहनांवरील अक्षरे कापणारे प्लॉटर याच तत्त्वावर चालतात. त्यांतील बहुतेक यंत्रांना ह्युलेट-पॅकार्ड कंपनीने आरेखकांसाठी विकसित केलेली एचपीजीएल ही सूचनाभाषा समजते. ही भाषा सर्वज्ञात असल्यामुळे दुकानदार कोणत्याही योग्य प्रोग्राममधून यंत्राला काम देऊ शकतो. एक प्रोग्राम महाग वाटला, तर तो दुसरा घेतो. यंत्र तेच राहते. थोडक्यात, यंत्र आणि सॉफ्टवेअर यांची फारकत हे अशा यंत्राचे मोठे बळ आहे.

क्रिकटच्या यंत्रांत नेमकी हीच फारकत नाही. आजची यंत्रे ‘डिझाइन स्पेस’ या कंपनीच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरमधूनच आज्ञा घेतात. हे सॉफ्टवेअर मोफत आहे. परंतु त्यासाठी खाते उघडावे लागते आणि यंत्राची पहिली नोंदणी इंटरनेटवरूनच होते. आधी उतरवून ठेवलेल्या रचना काही साधनांवर जोडणीशिवाय कापता येतात, पण ही सोय मर्यादित आहे.

३. क्रिकटची वाटचाल

प्रोवो क्राफ्ट या युटा राज्यातील कंपनीने एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या मध्यास क्रिकट यंत्र बाजारात आणले. त्याला संगणकाची गरज नव्हती. अक्षरांचे व चित्रांचे संच असलेल्या कार्ट्रिज स्वतंत्रपणे विकल्या जात. कार्ट्रिज खोबणीत बसवून कळा दाबल्या की यंत्र कापू लागे. यंत्र एकदाच विकावे आणि पुढील उत्पन्न चित्रसंचांतून मिळवावे, असा हा व्यवहार होता.

स्वतःच्या रचना कापण्याची इच्छा वापरकर्त्यांना स्वाभाविकच झाली आणि इतर विकसकांनी तसे प्रोग्राम तयार केले. कंपनीने अशा विकसकांविरुद्ध न्यायालयीन कारवाई केली आणि अखेर त्या प्रोग्राममधून क्रिकटशी असलेली जोडणी वगळली गेली. खुल्या होऊ पाहणाऱ्या वाटेवर अशा प्रकारे पुन्हा फाटक बसले.

पुढे कंपनीने ‘क्राफ्ट रूम’ हे इंटरनेटवर आधारलेले सॉफ्टवेअर दिले आणि २०१८ मध्ये ते बंद केले. या घटनेचा परिणाम बोधप्रद आहे. कार्ट्रिजवर स्वतंत्रपणे चालणारी जुनी यंत्रे त्यानंतरही कापत राहिली. परंतु संगणकाशी जोडल्याखेरीज न चालणारे ‘क्रिकट मिनी’ हे छोटे यंत्र निरुपयोगी झाले. त्याची मोटर झिजली नव्हती, पाते तुटले नव्हते. त्याला आज्ञा देणारे कोणी उरले नव्हते, एवढेच.

मार्च २०२१ मध्ये याहून मोठा वाद झाला. वर्गणी न भरणाऱ्यांना स्वतःच्या रचना डिझाइन स्पेसमध्ये चढवण्यावर दरमहा २० ची मर्यादा घातली जाईल, असे कंपनीने जाहीर केले. ज्यांनी यंत्र पूर्ण किंमत मोजून घेतले होते, त्यांच्या दृष्टीने ही विक्रीनंतर बदललेली अट होती. घरगुती उद्योग करणाऱ्या अनेकांचा रोजचा व्यवहार या यंत्रावर अवलंबून होता. तीव्र विरोधानंतर कंपनीने प्रथम काही सवलत देऊ केली आणि १८ मार्च २०२१ रोजी मुख्य कार्यकारी अधिकारी आशिष अरोरा यांच्या निवेदनाद्वारे हा बदल पूर्णपणे मागे घेतला. ग्राहकांचा विजय झाला हे खरे. पण तो करारातील हक्कामुळे नव्हे, तर लोकमताच्या दडपणामुळे झाला, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

४. या व्यवस्थेमागील अर्थकारण

ही घटना ज्या महिन्यात घडली, त्याच महिन्यात कंपनीचे समभाग नॅसडॅक बाजारात नोंदले गेले. २०२० मध्ये कंपनीचा महसूल सुमारे ९५.९ कोटी डॉलर होता. त्यात वर्गणीचा वाटा यंत्रांच्या आणि कच्च्या मालाच्या विक्रीपेक्षा बराच लहान होता. तथापि गुंतवणूकदाराच्या दृष्टीने त्याचे मोल निराळे असते. यंत्राची विक्री एकदाच होते, वर्गणी मात्र दरमहा येते आणि एका वाढीव वर्गणीदारामागे खर्च अत्यल्प असतो.

कंपन्यांची बाजूही विचारात घ्यावयास हवी. सर्व्हर चालवणे, नव्या संगणकप्रणालींशी सॉफ्टवेअर जुळते ठेवणे, चित्रांच्या हक्कांसाठी चित्रकारांना मोबदला देणे हे खर्च सतत चालू असतात. नवशिक्या वापरकर्त्याला एकाच ठिकाणी सर्व सुविधा मिळणे हाही लाभच आहे. म्हणून वर्गणी ही मूलतः आक्षेपार्ह नाही. चित्रसंग्रहासाठी वर्गणी घेणे आणि स्वतःचे चित्र स्वतःच्या यंत्रावर कापण्यासाठी वर्गणी मागणे, यांतील भेद मात्र मूलभूत आहे. पहिल्यात नवी सेवा मिळते. दुसऱ्यात आधी विकलेल्या क्षमतेचे पुन्हा मूल्य आकारले जाते.

५. समांतर उदाहरणे

हा प्रकार एका कंपनीपुरता सीमित नाही. ग्लोफोर्ज या लेसर कर्तकात पात्याच्या जागी असणाऱ्या लेसरचा मार्ग कंपनीच्या सर्व्हरवर आखला जातो. त्यामुळे इंटरनेट खंडित झाल्यास काम थांबते. ऑटोडेस्कच्या फ्यूजन ३६० या आरेखन सॉफ्टवेअरच्या मोफत वैयक्तिक परवान्यावर २०२० मध्ये निर्बंध आले. त्यांत हत्यार एका जागेहून दुसरीकडे वेगाने नेण्याची आज्ञाही काढून घेण्यात आली. म्हणजे परवान्यातील बदलाने कर्मशाळेतील यंत्राची गती मंदावली. जानेवारी २०२५ मध्ये बांबू लॅब या त्रिमितीय मुद्रकांच्या कंपनीने बाहेरील सॉफ्टवेअरसाठी अधिकृततेची अट आणण्याचे जाहीर केले. सुरक्षितता हे त्याचे कारण देण्यात आले. विरोधानंतर स्थानिक जोडणीवर काम करणाऱ्यांसाठी स्वतंत्र पर्याय ठेवण्यात आला.

६. कायद्याची भूमिका

भारतीय कायद्यात या प्रश्नाला स्पर्श करणाऱ्या तरतुदी विखुरलेल्या आहेत. मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १४ नुसार खरेदीदाराला वस्तूचा निर्वेध ताबा व उपभोग मिळेल, अशी हमी गृहीत धरली जाते. परंतु यंत्र विकले जाते, तर सॉफ्टवेअरचा केवळ परवाना दिला जातो. एकाच खोक्यातून आलेल्या दोन गोष्टींना दोन निराळे कायदे लागू होतात आणि ग्राहकाची अडचण नेमकी त्या सांध्यावर उद्भवते.

कॉपीराइट अधिनियम, १९५७ च्या कलम ५२ मध्ये १९९९ च्या दुरुस्तीने एक महत्त्वाचा अपवाद आला. कायदेशीर ताबा असणाऱ्यास दोन प्रोग्राम परस्परांशी जुळवण्यासाठी आवश्यक माहिती, ती अन्यथा सहज उपलब्ध नसल्यास, मिळवण्याची मुभा त्याने दिली. २०१२ च्या दुरुस्तीतील कलम ६५ अ ने तांत्रिक संरक्षण भेदण्यास शिक्षा ठेवली असली, तरी कायद्याने निषिद्ध नसलेल्या हेतूसाठी सशर्त सूट दिली आहे. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘अनुचित करार’ ही संकल्पना असून वाजवी कारणाविना एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार तीत मोडतो.

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काबाबत समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल व इलेक्ट्रॉनिक उपकरणे, टिकाऊ ग्राहकोपयोगी वस्तू आणि वाहने या क्षेत्रांवर तिचा भर होता. सुटे भाग व माहितीपुस्तिका मिळणे हे त्यामागील मुख्य सूत्र होय. मात्र क्रिकट मिनीसारख्या उदाहरणात मोडलेले असे काहीच नसते. तेथे दुरुस्तीच्या हक्काइतकाच ‘चालवत राहण्याचा हक्क’ महत्त्वाचा ठरतो.

७. शैक्षणिक संस्थांच्या दृष्टीने

पाबळ (जि. पुणे) येथील विज्ञान आश्रमात २००२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने फॅब लॅब सुरू झाली. पुढे २०१६ पासून अटल टिंकरिंग प्रयोगशाळांद्वारे त्रिमितीय मुद्रक शाळांत पोहोचले. महाविद्यालयांतही अशी यंत्रे घेतली जात आहेत. अनुदानातून यंत्र एकदाच घेता येते. वर्गणीचा खर्च मात्र दरवर्षी नव्याने मंजूर करून घ्यावा लागतो. शिवाय बहुतेक वेळा खाते एखाद्या प्राध्यापकाच्या नावाने उघडलेले असते. त्यांची बदली वा निवृत्ती झाली की यंत्र कपाटात जाते.

म्हणून खरेदी समितीने दरपत्रक मागवताना पुढील बाबी लेखी विचारून घेणे हिताचे ठरेल : इंटरनेट नसताना यंत्र पूर्ण क्षमतेने चालते काय? निर्मात्याखेरीज अन्य, विशेषतः इंकस्केपसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमधून काम देता येते काय? रचना एसव्हीजी वा एसटीएलसारख्या सर्वमान्य स्वरूपात जतन होतात काय? खाते संस्थेच्या नावाने घेता व हस्तांतरित करता येते काय? निर्मात्याने सेवा बंद केल्यास यंत्राचे कोणते काम चालू राहील?

८. निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, यंत्राचे आयुष्य आता केवळ त्याच्या धातूवर व मोटरवर अवलंबून नाही. सॉफ्टवेअरची जोडणी खुली असेल, तर निर्मात्याचे धोरण बदलले तरी यंत्र टिकते; ती बंदिस्त असेल, तर सुस्थितीतील यंत्रही एका निर्णयाने निकामी होऊ शकते. वर्गणी नवीन सेवेसाठी असावी, विकलेल्या मूळ क्षमतेसाठी नसावी, हे तत्त्व विक्रीकरारात स्पष्टपणे यावयास हवे. ते कायद्याने येईपर्यंत खरेदीपूर्व चौकशी हेच ग्राहकाचे व शैक्षणिक संस्थांचे प्रमुख संरक्षण आहे. विद्यार्थ्यांनी यंत्राचे अंतरंग समजून घ्यावे, या हेतूने आपण प्रयोगशाळा उभारतो. तेथे ज्याचे अंतरंग उघडताच येत नाही असे यंत्र आणणे त्या हेतूशी विसंगत ठरते.