वाढलेली मात्रा, कोरडा घसा आणि चौविहार

श्रावण सरत आला की नाशिकच्या जैन घरांना पर्युषणाची चाहूल लागते. कोणी एकासण्याचा नियम घेतो, कोणी अठ्ठाईचा संकल्प सोडतो. लहानथोर सारे निदान त्या दिवसांपुरता चौविहार पाळतात. अशाच एखाद्या घरातील तिशीचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. काही वर्षांपूर्वी त्याला बायपोलर आजाराचे, म्हणजे मन कधी अनावर उत्साहात तर कधी खोल विषादात जाण्याच्या विकाराचे, निदान झाले. लिथियमच्या गोळ्यांनी तो सावरला आणि वडिलांच्या पेढीवर बसू लागला. यंदा आषाढात मात्र त्याची झोप उडाली, बोलणे वाढले, उधारीवर नको तेवढा माल उचलला गेला. डॉक्टरांनी रक्त तपासून गोळीची मात्रा ६०० मिलिग्रॅमवरून ९०० मिलिग्रॅमवर नेली.

मन हळूहळू ताळ्यावर आले, पण शरीराने कुरकुर सुरू केली. चेकवर सही करताना बोटे थरथरतात. तोंडाला धातूची चव येते. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते आणि घसा कोरडा पडतो. पण सूर्यास्तानंतर पाणी न घेण्याचा नियम असल्याने तो तसाच पडून राहतो. एके दिवशी तो म्हणतो, “आई, यंदा मी अठ्ठाई करतो.” आईच्या डोळ्यांत पाणी येते. मुलगा पूर्ण बरा झाला, असे तिला वाटते. त्याने तहानेविषयी घरात काही सांगितलेले नसते आणि अठ्ठाईविषयी डॉक्टरांना.

या दोन मौनांमध्येच खरा धोका आहे.

मीठ आणि लिथियम : एक जुने नाते

लिथियम हे निसर्गात आढळणारे मूलद्रव्य आहे, सोडियमच्याच कुळातले. ऑस्ट्रेलियातील डॉ. जॉन केड यांनी १९४९ मध्ये उन्मादाच्या दहा रुग्णांवरील त्याचा परिणाम प्रसिद्ध केला आणि आधुनिक मनोविकारशास्त्राला एक मोलाचे औषध मिळाले. त्यांचा पहिला रुग्ण अनेक वर्षे रुग्णालयात होता. १९४८ मध्ये लिथियम सुरू झाल्यावर काही महिन्यांत तो घरी गेला, कामावर रुजू झाला. पुढे त्याने औषध सोडले आणि आजार उलटला. उपचार पुन्हा सुरू झाले, पण १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने त्याचा मृत्यू झाला. कमी पडले तर आजार आणि जास्त झाले तर विष, हे या औषधाचे स्वरूप त्या एका आयुष्यात दिसून आले.

त्याच १९४९ साली अमेरिकेत दुसरी घटना घडली. हृदयविकार आणि रक्तदाबाच्या ज्या रुग्णांना मीठ वर्ज्य होते, त्यांच्यासाठी लिथियम क्लोराइडचे ‘पर्यायी मीठ’ बाजारात आले होते. अळणी आहार घेणाऱ्या या माणसांच्या शरीरात लिथियम साठत गेले. अनेकांना विषबाधा झाली, काही दगावले आणि ते मीठ बाजारातून काढून घ्यावे लागले.

याचे कारण मूत्रपिंडात आहे. लिथियम जवळजवळ पूर्णपणे मूत्रपिंडावाटेच बाहेर पडते आणि मूत्रपिंड त्याला बरेचसे सोडियमसारखे वागवते. शरीरात पाणी किंवा मीठ कमी झाले की मूत्रपिंड सोडियम परत खेचून धरते आणि त्यासोबत लिथियमही परत येते. गोळी तेवढीच राहते, रक्तातील पातळी मात्र वाढते. नाशिकच्या वैशाखातील उन्हात घामाघूम होणे, जुलाब-उलट्या, मांगीतुंगीच्या पायऱ्या चढताना पाणी न पिणे, निर्जल उपवास किंवा अळणी आयंबिल, या सर्वांचा परिणाम एकाच दिशेने होतो.

काय सोसावे, काय सांगावे

मात्रा वाढल्यावर पहिले काही आठवडे थोडा त्रास होणे स्वाभाविक असते. बोटांचा बारीक कंप, तहान, वारंवार लघवी, मळमळ, पातळ शौच, थोडी सुस्ती आणि वजन वाढणे, हे नेहमी आढळणारे परिणाम. यांतील मळमळ व सुस्ती अनेकांच्या बाबतीत हळूहळू ओसरते. गोळी जेवणानंतर घेतल्यास पोटाचा त्रास कमी होतो. कंप चहा-कॉफीने वाढतो. पण रोज चार कप पिणाऱ्याने चहा एकाएकी बंद करू नये, कारण त्यानेही लिथियमची पातळी चढू शकते. जे प्रमाण आहे ते स्थिर ठेवावे आणि कमी करायचे तर डॉक्टरांना सांगून, सावकाश. कंपामुळे कामच अडत असेल तर डॉक्टर गोळ्यांची वेळ किंवा प्रकार बदलून पाहतात, गरज पडल्यास कंपासाठी वेगळे औषध देतात.

तहानेला पाणीच उत्तम. सरबते आणि गोड ताकाने तहान भागवणाऱ्याचे वजन वाढते आणि दोष सगळा गोळीच्या माथी येतो. मीठही रोजच्या प्रमाणात असावे. एकाएकी वाढवू नये, एकाएकी सोडू नये.

काही लक्षणे मात्र सोसण्याची नाहीत. हाताचा कंप जाड होऊन पेला धरवत नाही, चालताना तोल जातो, बोलणे जड होते, वारंवार उलट्या-जुलाब होतात, माणूस गोंधळल्यासारखा किंवा गुंगीत दिसतो, असे झाल्यास पुढची गोळी न देता तातडीने रुग्णालय गाठावे आणि रुग्ण लिथियम घेतो, हे पहिल्याच वाक्यात सांगावे. सकाळपर्यंत वाट पाहू नये.

सांधे किंवा पाठ दुखली म्हणून दुकानातून परस्पर आणलेल्या आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या लिथियमची पातळी वाढवतात. रक्तदाबावरील काही औषधांनी आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही तेच घडते. म्हणून दुसऱ्या कोणत्याही डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांची चिठ्ठी सोबत असावी.

बारा तासांचा हिशेब

मात्रा बदलल्यावर साधारण पाच ते सात दिवसांनी रक्तातील लिथियम तपासले जाते. रक्त शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचे असते. रात्री नऊला गोळी घेतली असेल, तर सकाळी नऊला प्रयोगशाळेत जावे आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर घ्यावी. ही वेळ चुकली तर अहवालातील आकडा फसवा ठरतो. बहुतेक रुग्णांसाठी ०.६ ते १.० मिलिमोल प्रतिलिटर ही पातळी धरली जाते. नेमकी कोणती हे वय, मूत्रपिंड आणि आजाराची अवस्था पाहून डॉक्टर ठरवतात. याशिवाय मूत्रपिंड, थायरॉइड आणि कॅल्शियम यांची तपासणी ठरावीक अंतराने होत राहावी. अपत्याचा विचार असलेल्या सुनेने किंवा मुलीने तो आधीच डॉक्टरांच्या कानावर घालावा.

एखादी गोळी चुकली तर पुढच्या वेळी दोन घेऊ नयेत. आणि त्रास होतो म्हणून औषध आपल्या मनाने बंद करणे तर सर्वांत घातक. एकाएकी थांबवलेल्या लिथियममागून आजार पूर्वीपेक्षा जोराने उसळू शकतो. आत्महत्येचा धोका कमी करणाऱ्या मोजक्या मनोविकार-औषधांत लिथियमची गणना होते, हेही विसरू नये. मात्रा जास्त वाटत असेल तर ती डॉक्टरांकडून कमी करून घेता येते. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ के रेडफील्ड जेमिसन यांना स्वतःला हा आजार आहे. लिथियमच्या जास्त मात्रेमुळे त्यांना कित्येक वर्षे सलग वाचन जमत नव्हते. मात्रा कमी केल्यावर पुस्तके त्यांच्या हाती परत आली आणि औषधही सुटले नाही.

शक्तीप्रमाणे तप

मग व्रताचे काय? शास्त्राने तप शक्तीप्रमाणे करण्यास सांगितले आहे. पच्चक्खाणातही आगार आहेत. प्रकृतीची समाधी ढळत असेल तेव्हा औषधोपचाराची मोकळीक त्यांतच अंतर्भूत आहे. तेव्हा लिथियम घेणाऱ्याने पाणी पिणे म्हणजे नियमाची पायमल्ली, अशी खंत बाळगण्याचे कारण नाही. तरीही मनात किंतु असेल तर महाराज साहेबांसमोर किंवा महासतीजींसमोर आजार मोकळेपणाने सांगून मार्गदर्शन घ्यावे. एकासण्याचा विचार असेल तर तो काही आठवडे आधी डॉक्टरांशी बोलावा. गोळ्यांच्या वेळा आणि पाणी यांची सोय जमते का, हे तेच ठरवू शकतील. निर्जल उपवास आणि दीर्घ तपश्चर्या मात्र या औषधासोबत धोक्याची आहे.

घरच्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. या आजारात जागरण हे ठिणगीसारखे असते. रात्री उशिरापर्यंतची भक्ती, पहाटेचे उठणे आणि त्यात अचानक आलेला मोठ्या तपाचा उत्साह, हे सारे एकत्र दिसले तर कौतुक करण्याआधी रुग्णाची झोप किती झाली, ते विचारावे.

तपाचे बारा प्रकार सांगितले आहेत. अनशन हा त्यांतील एक. स्वाध्याय आणि ध्यान हीही तपेच. त्यांना पाणी सोडावे लागत नाही. आणि वैयावृत्त्य, म्हणजे आजाऱ्याची व थकलेल्याची सेवा, हे अंतरंग तप तर साऱ्या घराला करता येण्यासारखे आहे. बाराव्या तासाला प्रयोगशाळेत सोबत जाणे, हात थरथरला तर न हसणे, गोळीची वेळ न टोचता आठवून देणे, यांतच ते घडते. घरात बोलणे अवघड वाटत असेल तर ‘टेलि-मानस’ या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य आणि मराठीतही बोलता येते.

सुरुवातीला डोळ्यांसमोर आणलेल्या त्या घरात हे सारे वेळेवर बोलले गेले, असे समजू या. डॉक्टरांनी अठ्ठाईला नकार दिला, रक्त पुन्हा तपासले आणि गोळीची वेळ बदलली. महाराज साहेबांनी रोज एक सामायिक आणि तासभर स्वाध्याय सांगितला. पर्युषणाच्या पहिल्या रात्री आईने उकळलेले पाणी गार करून तांब्यात भरले आणि मुलाच्या उशाशी ठेवले. तिचा स्वतःचा त्या दिवशी उपवास होता.