‘फीजिबिलिटी’ आणि ‘व्यवहार्यता’

पालघर, बोईसर, तारापूर या पट्ट्यात एखादा मोठा प्रकल्प यावयाचा असला की त्याच्याआधी त्याचा ‘फीजिबिलिटी रिपोर्ट’ येतो. मराठी वृत्तपत्रे त्याला ‘व्यवहार्यता अहवाल’ म्हणतात. हा प्रतिशब्द आता रूढ झाला आहे; परंतु मूळ शब्दाशी तो कितपत जुळतो, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

‘फीजिबल’ हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. ‘करणे’ या अर्थाचा ‘फेर’ हा फ्रेंच धातू त्याच्या मुळाशी असून त्याचे मूळ लॅटिन आहे. तेव्हा ‘फीजिबल’ म्हणजे ‘करता येण्याजोगे’. ‘घडण्याचा संभव असलेले’ या अर्थीही इंग्रज लेखक तो योजू लागले, त्यावर फाउलर यांनी १९२६ च्या आपल्या कोशात आक्षेप घेतला. मराठीत ‘शक्य’ या शब्दाची गत अशीच आहे. ‘हे काम शक्य आहे’ यात कर्तृत्व आहे, ‘आज पाऊस शक्य आहे’ यात केवळ संभव. प्रकल्पाच्या संदर्भात ‘शक्यता’ हा प्रतिशब्द म्हणूनच अपुरा पडतो. ‘साध्यता’ घ्यावी तर ‘साध्य’ म्हणजे ध्येय, आणि न्यायशास्त्रात तर जे सिद्ध करावयाचे ते!

‘व्यवहार्य’ शब्दाचा इतिहास निराळाच आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात तो वस्तूला नव्हे, माणसाला लागतो: ज्याच्याशी समाजाने पुन्हा व्यवहार ठेवण्यास हरकत नाही, तो व्यवहार्य. आजच्या मराठीत ‘व्यवहार’ म्हटले की देण्याघेण्याचा हिशेब प्रथम आठवतो, आणि ही छटा उपयोगी आहे. अणुविखंडन घडवून आणणे शक्य आहे, हे तुर्भे येथील ‘अप्सरा’ अणुभट्टीने १९५६ मध्येच दाखविले होते. दूरच्या खाणींतून कोळसा आणून केलेल्या विजेशी अणुवीज दरात टिकेल काय, हा प्रश्न वेगळा होता. त्याची कसोटी १९६९ मध्ये सुरू झालेल्या तारापूरच्या केंद्रात लागली. तुर्भ्याला शक्यता, तारापूरला व्यवहार्यता, असा हा भेद आहे.

डहाणूजवळील वाढवण बंदराच्या प्रकरणात तिसरा शब्द पुढे येतो. डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाने १९९८ मध्ये हे बंदर अनुज्ञेय नसल्याचा निर्णय दिला. त्याच प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये त्यास ना-हरकत दिली, आणि जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांचा प्रकल्प मंजूर केला. तेथील समुद्राची सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली या पंचवीस वर्षांत बदलली नव्हती. बदलली ती अनुज्ञेयता. चर्चेत मात्र या दोहोंना सर्रास एकच शब्द लावला जातो.

याहून महत्त्वाचा भेद व्याकरणाचा आहे. बोलीतल्या ‘करण्याजोगे’ मधील ‘जोगा’ हा संस्कृत ‘योग्य’ पासून आला असून ‘फीजिबल’ चा तो जवळजवळ अक्षरशः प्रतिशब्द होय. ‘करण्याजोगे’ म्हटले की करणारा कोण हे विचारावेसे वाटते. ‘जमेल’ म्हटले की ‘कोणाला?’ हे चतुर्थ्यन्त पद हवेच. ‘प्रकल्प व्यवहार्य आहे’ हे वाक्य मात्र तसल्या पदावाचून पूर्ण भासते. तारापूरच्या तिसऱ्या व चौथ्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. तेथील मच्छीमाराला किनाऱ्यापासून दूर राहून होडी चालविणे जमेल काय, हा प्रश्न ‘व्यवहार्यता’ या भाववाचक नामात मावत नाही. त्यासाठी क्रियापदच वापरावे लागते.