विजेच्या सायकलीची बॅटरी : साठवताना भरलेली नको, अर्धी हवी

सातारा व सांगली जिल्ह्यांत विजेवर चालणाऱ्या सायकली, दुचाक्या आणि पाठीवरचे बॅटरीचे फवारणी पंप आता अनेक घरांत आले आहेत. ही साधने वर्षभर सारखी वापरात नसतात. महाबळेश्वर, जावली, पाटण भागात जुलै-ऑगस्टच्या पावसात सायकल पडवीत उभी राहते. एकट्या महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. माण, खटाव, आटपाडी, जत भागात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीला पोचतो आणि तेथेही गाडी पत्र्याखाली पडून राहते. अशा वेळी बहुतेक जण बॅटरी पूर्ण चार्ज करून ठेवतात. लिथियम बॅटरीच्या बाबतीत हेच चुकते.

प्रस्तुत लेखकानेही ही चूक केली आहे. दोन वर्षांपूर्वी मार्चअखेर सायकलीची बॅटरी शंभर टक्के भरून गावाकडच्या पत्र्याच्या खोलीत ठेवली. जूनमध्ये सायकल बाहेर काढली, तेव्हा पूर्वी एका चार्जमध्ये होणारा मळ्यापर्यंतचा जाऊन-येऊन प्रवास परतीच्या चढावर अपुरा पडू लागला. बॅटरी वापरून झिजली नव्हती, नुसती ठेवून झिजली होती.

असे का होते?

लिथियम बॅटरी पूर्ण भरलेली असताना तिच्या प्रत्येक घटाचा दाब सर्वांत जास्त असतो. या स्थितीत आतील द्रव व पट्ट्या यांच्यात नको असलेल्या रासायनिक क्रिया हळूहळू चालू राहतात. त्यात कामाचे लिथियम अडकून पडते व बॅटरीची धारणक्षमता कायमची घटते. उष्णतेने या क्रियांचा वेग वाढतो. कोबाल्टयुक्त लिथियम बॅटरीसाठी नेहमी दिले जाणारे आकडे असे आहेत : २५ अंश तापमानात वर्षभर ४० टक्के भरून ठेवल्यास सुमारे ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते, पूर्ण भरून ठेवल्यास सुमारे ८० टक्के. ४० अंशांत हेच आकडे अनुक्रमे ८५ व ६५ टक्क्यांवर येतात.

पूर्ण रिकामी बॅटरी ठेवणेही तितकेच वाईट. पडून असतानाही तिच्यातील वीज थोडी थोडी कमी होते. दाब मर्यादेखाली गेला, तर बॅटरी पुन्हा चार्जच घेत नाही. म्हणून ४० ते ६० टक्के ही मधली स्थिती साठवणीस योग्य. बियाण्यात ओलावा बेताचा ठेवतो, तसाच हा प्रकार आहे.

आधी बॅटरीचा प्रकार पाहा

बॅटरीवरील चिठ्ठी वाचावी. 'लिथियम' असेल तर हा लेख लागू. 'शिसे-आम्ल' म्हणजे लेड-ॲसिड असेल तर नियम नेमका उलटा. ती पूर्ण भरूनच ठेवावी व दर महिन्या-दीड महिन्याने पुन्हा भरावी, नाहीतर पट्ट्यांवर सल्फेटचा थर बसून ती निकामी होते. अनेक फवारणी पंपांत १२ व्होल्टची शिसे-आम्ल बॅटरीच असते, हे ध्यानात ठेवावे.

सायकल न चालवता चार्ज कमी कसा करावा?

१) मुळात पूर्ण भरूच नये. हा सर्वांत सोपा उपाय. ३६ व्होल्ट, १० अँपिअर-तासाची बॅटरी २ अँपिअरच्या चार्जरने रिकामी असताना भरण्यास सुमारे पाच तास लागतात. ती २० टक्क्यांवर असेल, तर दीड तासाने चार्जर काढावा. बॅटरी निम्म्यावर येते.

२) भरलेली असल्यास दिवा लावून ठेवावा. मात्र हिशेब आधी करावा. वरील बॅटरीत ३६० वॅट-तास वीज असते. निम्मी म्हणजे १८० वॅट-तास. तीन वॅटच्या दिव्याला त्यासाठी ६० तास लागतील. म्हणून हा उपाय संथ, पण निर्धोक आहे.

३) मागचे चाक अधांतरी फिरवावे. सायकल मजबूत स्टँडवर घेऊन मध्यम वेगाने चाक फिरवावे. बिनभाराचे चाक वीज थोडीच घेते, त्यामुळे यालाही वेळ लागतो. भार वाढवण्यासाठी ब्रेक दाबून ठेवू नये. मोटर व ब्रेक दोन्ही तापतात. लहान मुले, साडीचा पदर, धोतराचा सोगा चाकापासून दूर ठेवावा आणि स्वतः जवळ थांबावे.

४) बल्बांची माळ. बॅटरी सुटी निघणारी असेल, तर जाणकार मेकॅनिककडून १२ व्होल्ट, २१ वॅटचे तीन इंडिकेटर बल्ब एकापाठोपाठ जोडून, मध्ये फ्यूज घालून, वीज बाहेर देणाऱ्या टोकांवर लावून घ्यावेत. ३६ व्होल्टच्या १० अँपिअर-तास बॅटरीतील निम्मी वीज सुमारे पावणेतीन तासांत उतरते. ४८ व्होल्टला चार बल्ब लागतात. बल्ब फार तापतात, म्हणून ते फरशीवर, कडब्यापासून दूर ठेवावेत. घड्याळ लावूनच काम करावे. हमीची मुदत चालू असल्यास आधी विक्रेत्यास विचारावे. दुचाकीच्या बंदिस्त बॅटरीवर हा प्रयोग करू नये.

५) फवारणी पंप लिथियमचा असेल तर टाकी तीनदा धुवून स्वच्छ पाणी भरावे व पंप चालवावा. बॅटरी उतरते आणि नळी, नोझलही साफ होतात.

मिठाच्या पाण्यात बॅटरी बुडवणे, दोन टोके तारेने जोडणे, पाणी तापवायची कांडी लावणे किंवा बॅटरी उघडणे हे प्रकार कदापि करू नयेत. त्यातून आग लागू शकते.

निम्मी झाली हे कसे ओळखावे?

तासभर विश्रांती देऊन मीटरने मोजावे. नेहमीच्या ३६ व्होल्टच्या बॅटरीचा दाब पूर्ण भरल्यावर ४२ व्होल्ट असतो, निम्म्यावर ३७ ते ३८. ४८ व्होल्टच्या बॅटरीत १३ घट असल्यास पूर्ण भरल्यावर ५४.६, निम्म्यावर ४८ ते ४९. लोह-फॉस्फेट प्रकारात दाब बराच काळ एकसारखा राहतो, म्हणून तेथे व्होल्टवर विसंबू नये. वेळेचा हिशेब किंवा गाडीवरील टक्के पाहावेत.

साठवण

बॅटरी सुटी निघत असल्यास काढून घरातील थंड, कोरड्या जागी ठेवावी. पत्र्याखालचा माळा, चुलीजवळची जागा, खते-औषधांची खोली व बाहेर पडण्याची वाट टाळावी. चार्जर लावून ठेवू नये. पावसाळ्यात टोके कोरडी पुसावीत. महिन्या-दोन महिन्यांनी तपासून चार्ज ३० टक्क्यांखाली गेल्यास पुन्हा निम्म्यापर्यंत भरावा. हंगाम सुरू होण्याच्या आदल्या दिवशी मात्र पूर्ण चार्ज करावा. त्यामुळे आतील घटांचा समतोलही साधतो.

कमी चार्जमध्ये आगीचा धोकाही कमी असतो. म्हणूनच विमानाने सुट्या लिथियम बॅटऱ्या पाठवताना २०१६ पासून ३० टक्क्यांहून अधिक चार्ज न ठेवण्याचा आंतरराष्ट्रीय नियम आहे.

विजेच्या सायकलीत सर्वांत महाग भाग बॅटरीच असतो. सायकल पडवीत लावताना बॅटरीच्या आकड्यावर एक नजर टाकली, तर हा खर्च पुष्कळ लांबणीवर टाकता येईल.